सायलसरावांचं थंड घर आणि माझं आग्नेय

या सहलीला मला मानाने नेलं, हा माझा समज ब्लू माउंटन्सचा घाट चढेपर्यंत टिकला. घाटात मळमळायला लागलं, गाडी कडेला घ्यावी लागली, तेव्हा नात रेवा पाण्याची बाटली पुढे करत म्हणाली, "आज्जी, बाबाला दोन दिवस शांतता हवी होती. म्हणून तू आमच्याबरोबर आहेस." लहान तोंडी मोठा घास, पण खरा घास.

आधी घरातली भानगड सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मी जळगावची. शाळा चौथीपर्यंत. हा ब्लॉग रेवाने मला लॉकडाऊनमध्ये काढून दिला, कारण माझं ऐकून ऐकून घरातले दमले होते आणि आता परक्यांनी ऐकावं असं तिचं म्हणणं पडलं. जानेवारीत मी मुलाकडे, सिडनीला टूनगॅबीत, तीन महिन्यांसाठी आले. मार्चात विमानं बंद झाली. तेव्हापासून मी उन्हाळ्याच्या साड्यांवर मुलाचे स्वेटर घालून हिंडतेय, आणि माझी सून मंजिरी तीन महिन्यांच्या तयारीने बोलावलेली सासू अजून सांभाळतेय.

मुलाने, श्रीकांतने, नव्या वस्तीत प्लॉट घेतलाय. बिल्डरने घराचा नकाशा दिला. त्यात स्वयंपाकघर मागच्या बाजूला, उत्तरेला, मोठाल्या खिडक्यांचं. मंजिरीने तो फ्रिजवर लावला होता आणि जाता-येता बघायची. मी एक दिवस त्याचा फोटो काढून आमच्या जळगावच्या वास्तूवाल्या गुरुजींना पाठवला. कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. गुरुजींनी लाल पेनाने स्वयंपाकघर उचललं आणि आग्नेय कोपऱ्यात नेऊन ठेवलं. पूर्व आणि दक्षिणेच्या मधला कोपरा म्हणजे अग्नीची जागा, चूल तिथेच हवी, हे मला आईच्या पोटातून माहीत. श्रीकांतने मान डोलावली. तो माझ्यापुढे लहानपणापासून मान डोलावतो. मी त्याला आज्ञाधारक म्हणते, मंजिरी दुसरं काहीतरी म्हणत असावी.

ती भांडली नाही. तिने नकाशा फ्रिजवरून काढला आणि माझ्याशी बोलणं कामापुरतं ठेवलं. आई, चहा. आई, गोळी. भांडली असती तर बरं झालं असतं, भांडणात मी पटाईत आहे. पण न बोलणाऱ्या सुनेपुढे सासूचं काही चालत नाही. गुरुजींचा नकाशा सोमवारी बिल्डरकडे जायचा होता. एकदा तो मंजूर झाला की पुढची तीस वर्षं मंजिरी त्याच कोपऱ्यात पोळ्या लाटणार होती, हे तिला माहीत होतं आणि मलाही.

त्यात रेवाला युनीचं, म्हणजे तिच्या कॉलेजचं, काम आलं. ती आर्किटेक्ट व्हायला शिकते. दीडशे वर्षांपूर्वी, सोन्याच्या खाणींच्या दिवसांत, इथे एक अमेरिकन माणूस आला होता. त्याने बाथर्स्टच्या आसपासच्या गावांतून चर्च, कोर्ट, घरं बांधली. त्याच्यावर तिला लिहायचं होतं आणि इमारतींची चित्रं काढायची होती. जुलै उजाडला होता, राज्यातल्या राज्यात फिरायची परवानगी मिळाली होती. त्या अमेरिकन माणसाचं नाव सायलस. आडनाव माझ्या जिभेवर बसत नाही, म्हणून मी त्यांना सायलसराव म्हणते. गाडी मंजिरी चालवणार, चित्रं रेवा काढणार, आणि मी काय करणार हे कुणी बोललं नाही.

शनिवारी सकाळी निघालो. जाणाऱ्यांसाठी सांगते: टूनगॅबीहून एम-फोर धरायचा, पुढे ग्रेट वेस्टर्न हायवे. थांबत थांबत बाथर्स्टला दुपार होते. न थांबता गेलात तर लवकर पोचाल, पण मग माझ्यासारखी बाई बरोबर नसावी. पेट्रोल सिडनीतच भरा. खायचं घरून न्या, कारण वाटेतल्या बेकऱ्यांत शाकाहारी म्हणून एक पालकाचा रोल मिळतो आणि तो सगळीकडे एकाच आईचा असतो. मी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घेतली होती, मंजिरीने आदल्या दिवशी हॅरिस पार्कच्या भारतीय दुकानांतून चिवडा आणि बाकरवडी. दोन डबे, दोन पिशव्या. रेवा दोन्हींकडून खात होती, बिचारी.

कटूम्बाला तीन बहिणींचे खडक बघितले. पार्किंगचे पैसे घेतात, सुटे ठेवा किंवा कार्ड. तिघी बहिणी शेजारी शेजारी उभ्या आणि एकीचंही तोंड शेजारणीकडे वळलेलं नाही. मला आमच्या गाडीची आठवण झाली. तिथे जमिनीवर पिवळ्या पट्ट्या मारल्या होत्या, माणसांनी लांब लांब उभं राहावं म्हणून. इतक्या सोवळ्यात मी माझ्या सासूच्या घरीसुद्धा उभी राहिले नव्हते.

घाट उतरून लिथगोच्या पुढे गेलं की सपाट, पिवळं गवत लागतं आणि मेंढ्या. रेवा तेव्हा सायलसरावांचं चरित्र सांगायला लागली. बोस्टनजवळच्या गावातल्या सुताराचा मुलगा. तिथे एका मोठ्या आर्किटेक्टकडे उमेदवारी केली, मालकाशी भांडला, जहाजावर सुतार म्हणून चढला आणि सोनं खणायला इथे आला. सोनं काही मिळालं नाही. मिळाली विटांची चांगली माती. खाणीवर आलेल्या लोकांना घोड्यांचे तबेले हवे होते, तर याने विटांचे तबेले बांधले, असे की माणसं म्हणायला लागली, आमच्या घरांपेक्षा घोड्यांची घरं बरी. तिथून धंदा चालला.

त्यांचं पहिलं चर्च बाथर्स्टच्या अलीकडच्या एका खेड्यात आहे. विटा इतक्या सारख्या की भिंत इस्त्री केल्यासारखी. दाराला कुलूप होतं, आत एका वेळी किती माणसं याची पाटी होती, आणि तेवढी माणसं त्या अख्ख्या गावात असतील असं दिसलं नाही. रेवा थंडीत बाकावर बसून चित्र काढायला लागली. म्हणाली, सायलसराव कामावर रोज येत, विटेचा सांधा जाड दिसला की बुटाने भिंत पाडत. पाद्रीबाबांनी मनोरा जरा बुटका करा म्हटलं, तर यांनी चर्च अर्ध्यावर टाकून गाव सोडलं. मनोरा शेवटी दुसऱ्यानेच बुटका बांधला.

पुढचं कोर्ट पाहिलं, तिथेही तेच. इमारत देखणी, आणि गोष्ट भांडणाची. न्यायाधीशाला खिडकी हवी होती, हे म्हणाले खिडकीतून बाहेर बघणारा न्याय कसला करणार. मला हा माणूस फार आवडला. मी म्हटलं, "याला म्हणतात स्वतःचं डोकं असणं."

मंजिरी पुढे बघत गाडी चालवत होती. रेवा मागून म्हणाली, "आज्जी, ही वॉज इम्पॉसिबल."

"इम्पॉसिबल म्हणजे?"

"अशक्य. ज्याच्याबरोबर राहता येत नाही असा."

मी चिवडा मागून घेतला.

रात्री बाथर्स्टच्या मोटेलात. खोली स्वच्छ, हीटर चालू, किटली आणि चहाच्या पुड्या फुकट. काउंटरवरच्या माणसापुढे प्लॅस्टिकचा पडदा होता, म्हणून मी नेहमीपेक्षा मोठ्याने मराठी बोलले, तरी त्याला कळलं नाही. अंथरुणात विजेची गादी असते, तिचं बटण झोपताना कमी करा. मी ते शेवटच्या आकड्यावर ठेवून झोपले आणि भाजलेल्या वांग्यासारखी उठले. खानदेशातली असून भरीत व्हायला मला इथे यावं लागलं.

रविवारी त्यांचं सगळ्यात नावाजलेलं घर. गावाबाहेर, मेंढ्यांच्या मोठ्या जमिनीवर. आधी फोन करून वेळ घ्यावी लागते, तिकीट माफक, म्हाताऱ्यांना सूट. मी वय वाढवून सांगायची तयारी ठेवली होती, गरज पडली नाही. दाखवायला जॉइस नावाची बाई होती, माझ्याच वयाची, पायात गुडघ्यापर्यंत रबरी बूट. हाताला सॅनिटायझर लावून मला "लव्ह" म्हणाली. माझ्या नवऱ्याने जन्मात म्हटलं नव्हतं.

घर बाहेरून राजवाडा. लांबच्या लांब व्हरांडा, लाकडी नक्षी, दिवाणखान्याला जमिनीपासून छतापर्यंत खिडक्या. आणि आत गेलो तर थंडीने दात वाजायला लागले. बाहेर स्वच्छ ऊन पडलेलं, दुपारचे बारा वाजत आलेले, आणि आत जॉइसने दिवा लावला. खिडक्या एवढाल्या, पण उन्हाचा एक कवडसा नाही. मी रेवाला विचारलं, ऊन कुठे गेलं?

जॉइस सांगत होती, रेवा मला मराठीत करून देत होती. सायलसरावांच्या बोस्टनमध्ये थंडी कडाक्याची. तिथे सूर्य दक्षिणेकडून जातो, म्हणून तिथली शहाणी माणसं घराचं तोंड दक्षिणेला करतात. यांनी इथे पहिलं मोठं घर बांधलं ते हेच, आणि तेही तसंच. सूर्य इथे उत्तरेकडून जातो, हे त्यांना कुणी सांगितलं नाही असं नाही. गवंड्याने सांगितलं, घरमालकिणीने सांगितलं. यांचं उत्तर ठरलेलं: घर कसं बांधायचं ते मी बोस्टनमध्ये शिकलोय.

"उत्तरेकडून?" मी म्हटलं.

"आज्जी, तू सहा महिने इथे राहतेस," रेवा म्हणाली.

आता माझ्या पापडांचं सांगायला हवं. जूनमध्ये मी उडदाचे पापड केले. आमच्याकडे संक्रांतीच्या थंडीत दक्षिणेच्या ओट्यावर बसून उन्हं खातात, म्हणून मी टूनगॅबीच्या घराच्या दक्षिणेच्या बोळात चादर अंथरून पापड घातले. पापड वाळले नाहीत. दुसऱ्या दिवशी नाहीत, तिसऱ्या दिवशी नाहीत, मग हिरवे झाले. मी घरभर सांगितलं की ऑस्ट्रेलियाचे उडीद हलके. किराणा दुकानातल्या पटेलभाईलासुद्धा सांगून आले. मंजिरीने तेव्हा काही म्हटलं नाही, चादर धुवायला टाकली. म्हणजे तिला माहीत होतं.

जॉइस आम्हाला स्वयंपाकघरात घेऊन गेली. मी दारातच उभी राहिले. दिवाणखाना दक्षिणेला, सकाळ होते ती बाजू डावीकडे, म्हणजे हा कोपरा कुठला, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. आग्नेय. चूल अगदी शास्त्राप्रमाणे. भिंतीला खाली ओल, फरशी अशी गार की चपलेतून पायाला लागते. जॉइस म्हणाली, इथे हिवाळ्यात स्वयंपाकीण टिकत नसे. मालकिणीने एक हिवाळा काढला. दुसऱ्या हिवाळ्यात सायलसराव दुसऱ्या गावी कामावर गेलेले बघून तिने उत्तरेच्या अंगणात लाकडी फळ्यांची झोपडी उभी करवली, चूल तिथे नेली आणि त्या राजवाड्याची मालकीण पुढे आयुष्यभर झोपडीत उन्हात बसून स्वयंपाक करत राहिली.

सायलसराव परत आले तेव्हा झोपडी बघून घोड्यावरून उतरलेसुद्धा नाहीत. ही बाई त्यांची पाठराखीण होती. चर्च, कोर्ट, सगळी कामं तिच्या शब्दावर मिळालेली. त्या दिवसानंतर तिच्याशी एक शब्द नाही.

मी रेवाला म्हटलं, विचार, त्यांना कधी कळलं का.

जॉइस हसली. रेवा म्हणाली, "कळलं होतं आज्जी. त्यानंतर त्यांनी याच खोऱ्यात दोन घरं बांधली. दोन्हींची तोंडं उत्तरेला. पण इथे येऊन चुकलं असं म्हणाले नाहीत."

पुढे कामं आटत गेली. ज्या माणसाच्या बाजूने बोलायला कुणी उरलं नाही, त्याला काम कोण देणार. म्हातारपणी सिडनीत भाड्याच्या खोलीत राहिले, शेजाऱ्यांच्या तुटक्या खुर्च्या दुरुस्त करून द्यायचे, तिथेच गेले. इमारती मात्र ठणठणीत आहेत, लोक तिकीट काढून बघतात.

हे ऐकताना माझं लक्ष मंजिरीकडे होतं. ती त्या गार चुलीपुढे उभी होती, दोन्ही हात काखेत घालून. बघत होती कुठे, तर ओट्याच्या उंचीकडे, खिडकीच्या जागेकडे. नव्या घरात जाऊन उभं राहिल्यासारखी. मला वाटलं होतं ती माझ्याकडे बघेल, एक कटाक्ष तरी टाकेल, बघा म्हणून. तिने बघितलं नाही. ते मला जास्त लागलं.

बाहेर आलो. झोपडी अजून आहे, दुरुस्त केलेली, पुढे एक बाक. जॉइसने चहा दिला, तो घेऊन आम्ही तिथे उन्हात बसलो. मला बोलायचं होतं. शब्द जुळवत होते आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी चूक उडदाचीच निघत होती. चहा संपला, मी काही बोलले नाही. सायलसराव निदान घोड्यावर होते. मी बाकावर बसून तेच केलं.

परतीला निघालो. घाटाच्या आधीच श्रीकांतचा फोन आला, गाडीच्या स्पीकरवर. म्हणाला, बिल्डरची ईमेल लिहून ठेवतोय, उद्या सकाळी पाठवायची. मग म्हणाला, "आई, गुरुजींच्या नकाशाप्रमाणे पाठवतो. स्वयंपाकघर आग्नेयेला. बरोबर ना?"

मंजिरीने वायपर सुरू केले. पाऊस नव्हता.

"मला काय विचारतोस?" मी म्हटलं. "मी तुझ्या घरी पोळ्या लाटणारे का? जिला तिथे उभं राहायचंय तिला विचार."

श्रीकांतला मान डोलवायची सवय, पण फोनवर ती दिसत नाही.

"मंजिरी?" तो म्हणाला.

"उत्तरेला," मंजिरी म्हणाली.

"पण आई, गुरुजींना काय सांगू?"

"सांग, आई म्हातारी झाली, तिला दिशा कळेनाशा झाल्या. खोटं नाही त्यात काही."

मंजिरीने वायपर बंद केले. कटूम्बाला गाडी थांबवली आणि स्वतःच्या डब्यातली बाकरवडी माझ्यापुढे धरली. मी दोन घेतल्या. रेवाने मागून विचारलं, "आर वी ओके?" आम्ही दोघींनी तिला गप्प बसायला सांगितलं, एकाच वेळी.

घरी आल्यावर गुरुजींना मीच फोन केला. सूर्य इथे उत्तरेकडून जातो म्हटलं. त्यांनी विचारलं, उगवतो तरी पूर्वेलाच ना? उगवतो म्हटलं. म्हणाले, मग बाकीचं मी बघून सांगतो. अजून बघतायत.

जाणाऱ्यांनी दोन दिवस काढून जावं. हिवाळ्यात जा, म्हणजे ते घर काय आहे ते अंगाला कळेल, आणि जाताना लोकरीचे मोजे न्या. सायलसरावांच्या विटांमध्ये मला खोट दिसली नाही. पण मला विचाराल तर त्या राजवाड्यापेक्षा मागची झोपडी बघा. रेवाला युनीत मार्क बरे मिळाले. तिने चित्रं तर सगळ्याच इमारतींची काढली होती, पहिलं मात्र झोपडीचं लावलं.

विमानं अजून बंदच आहेत. परवा आम्ही प्लॉटवर गेलो होतो. जमिनीवर सिमेंटचा चौथरा टाकून झालाय, भिंती यायच्यात. दुपारची वेळ, वारा बोचरा. मंजिरी मागच्या बाजूला, स्वयंपाकघर येणार तिथे जाऊन उभी राहिली, टाचा उंच करून बघत होती खिडकी कुठवर येईल ते. मीही गेले. म्हटलं, इथे ओटा जरा उंच घे, माझ्यासारखी कंबर करून घेऊ नको, आणि सिंक तिकडे नको, हात पोचायचा नाही, आणि...

"आई," मंजिरी म्हणाली, "जरा बाजूला व्हा. माझं ऊन अडवताय."

आठ-नऊ महिन्यांत मला इतकं तोंडावर कुणी बोललं नव्हतं. या घरात भांडायला निदान एक माणूस मिळालं.

मी बाजूला झाले.